नऊ नंबरचा डबा

७ ऑक्टोबर १९७४, सोमवार. प्रेस्टन

जेरार्ड विग्नल आज घरी आला. दारातल्या पायपुसण्यावर त्याने दोन्ही बूट नीट पुसले, तेव्हाच मी ओळखलं की याला काहीतरी हवंय. विग्नल लोक कारणाशिवाय बूट पुसत नाहीत.

अडतीस वर्षं मी त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तंबाखूची मिश्रणं केली. बाहेर पाटी 'विग्नल आणि मुलगे'. त्या मुलग्यांपैकी एकालाही लटाकियाचं धुरी दिलेलं पान आणि डांबर यांतला फरक कळला नाही. चार वर्षांपूर्वी मला निरोपाला घड्याळ दिलं, ते रोज सहा मिनिटं मागे पडतं.

जेरार्ड म्हणाला, "मिस कॉटम, नऊ नंबर बिघडलाय."

नऊ नंबरचं मिश्रण माझं. १९४६ साली माणसं लढाईवरून परत आली आणि त्यांना लढाईची आठवण येणार नाही असं काहीतरी ओढायला हवं होतं, तेव्हा मी तो बसवला. आता त्यातलं सीरियाचं पान संपलंय, नवीन गठ्ठा सायप्रसचा आलाय. माझ्यानंतर आलेला हॅलम लेकीकडे ब्लॅकपूलला राहायला गेला. दुकानात हाताने केलेलं म्हणावं असं आता नऊ नंबर एवढंच उरलंय. बाकी सगळे कारखान्याचे डबे.

"डिसेंबरपर्यंत जमला नाही तर नाताळच्या यादीतून काढावा लागेल," तो म्हणाला. "मग मागची खोली रिकामीच. शीला म्हणते, तिथे शुभेच्छापत्रं ठेवू."

"शुभेच्छापत्रं!"

"मांजरांची चित्रंबित्रं असलेली. खपतात, मिस कॉटम."

मी म्हटलं, विचार करून सांगते. माझा विचार तो दुसरा बूट पुसत होता तेव्हाच झाला होता.

त्याला आल्याचा केक दिला. दोन तुकडे खाल्ले बिचाऱ्याने. मला तर माती खाल्ल्यासारखं वाटलं. बाजारात साखर मिळत नाही हे ठीक, पण आल्यालासुद्धा हल्ली चव नसावी?

९ ऑक्टोबर, बुधवार

मागच्या खोलीत काही बदललेलं नाही. तोच तराजू, तेच हाडाचं चमचेवजा खोरं, त्याच बरण्या. खिळ्यावर निळा रुमालसुद्धा तसाच टांगलेला.

हा रुमाल कशासाठी ते शीलाला सांगावं लागलं. शीला म्हणजे जेरार्डची बायको, डबे भरते. विग्नलांकडे दर शनिवारी तीन बशा मांडायच्या. दोन बशांत एकच मिश्रण, तिसरीत किंचित वेगळं. डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि वेगळी बशी ओळखायची. चुकला त्याने पुढच्या शनिवारपर्यंत बरणीला हात लावायचा नाही. नियम मी केलेला. १९५२ मध्ये खुद्द म्हातारे विग्नल सर्दी झाली असताना चुकले, तर आठवडाभर पुढे गल्ल्यावर उभे राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. मालकच होते ते, पण नियमापुढे त्यांनी मान तुकवली.

लग्न होऊन आली तेव्हा ही शीला अंगावर इतकं अत्तर मारून मागे यायची की व्हर्जिनियाच्या बरणीत लिलीची फुलं उगवतील असं वाटायचं. तेव्हा मी तिला दोनदा बाहेर घालवलं होतं. आज मुद्दाम तिच्या मानेजवळ वाकून पाहिलं. काही नाही.

"शीला," मी म्हटलं, "अत्तर सोडलंस ते फार चांगलं केलंस. उशिरा का होईना."

तिने जेरार्डकडे पाहिलं. जेरार्डने तराजूकडे पाहिलं. कौतुक झेपत नाही या लोकांना.

आता कामाचं. नऊ नंबरात अर्ध्याहून जास्त व्हर्जिनिया. व्हर्जिनिया म्हणजे घर. वाळत घातलेलं गवत, पावाची भाजलेली कड, जरासा गोडवा. मग तुर्की पान: कपाटात विसरलेली संत्र्याची साल, आंबूस, कोरडी. ते घराच्या खिडक्या उघडतं. आणि लटाकिया. ओक आणि पाइनच्या धुरावर महिनोन्‌महिने टांगलेलं काळं पान. डांबर लावलेला दोर, घोड्याचं खोगीर, ईस्टरच्या आदल्या संध्याकाळचं चर्च. तो घरी आलेला पाहुणा. पाहुणा येऊन गेल्याचं कळावं, पण तो मुक्कामाला राहू नये. शेवटी लुइझियानाचं मिरीसारखं पान, चिमूटभर. बस. या देशात तंबाखूत गूळ, व्हॅनिला, चेरी घालायला कायद्याने मनाई आहे आणि तेवढी एक गोष्ट पार्लमेंटने शहाणपणाची केली. इंग्रजी मिश्रणात जे आहे ते पानाचं स्वतःचं.

सीरियाच्या लटाकियात धुराखाली वाइन असते. सायप्रसचा जाड मानेचा, दार न वाजवता आत येणारा, असं पूर्वीपासून ऐकून आहे. नवीन गठ्ठा उघडला, दोन्ही हातांनी पान उचललं, त्यात तोंड खुपसलं.

काहीच नाही. मेलेलं पान. उन्हाळ्यात त्या बेटावर लढाई झाली, हाताला लागेल तो कचरा जहाजात भरला असणार. जेरार्ड म्हणतो, माल लढाईच्या आधीच निघाला होता. त्याला काय कळतंय!

१६ ऑक्टोबर, बुधवार

पाचवा हिस्सा लटाकिया घातला. नाही. चौथा घातला. नाही. आज तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आले. पान जिवंत असतं तर एवढ्यात खोलीतून पळून जावं लागलं असतं.

दार लावून मातीच्या छोट्या पाईपमध्ये ओढून पाहिलं. हा पाईप माझा जुना. १९३६ मध्ये मी चर्चमध्ये पापांची कबुली देताना त्याबद्दल सांगितलं होतं, तेव्हा फादरनी बराच वेळ विचार करून विचारलं, "धूर आत घेतेस का, बाळ?" मी म्हटलं, नाही, तोंडातल्या तोंडात. "मग ते काम आहे, पाप नाही," म्हणाले. तेव्हाचे फादर विचार करून बोलायचे.

आज जीभ भाजली, एवढंच.

शीला दारातून डोकावली. खोकत होती. "मिस कॉटम, केवढा हा… खिडकी उघडू का?"

"उघड. गार वाऱ्याने निदान काहीतरी कळेल."

२० ऑक्टोबर, रविवार

आता धुपातही काटकसर सुरू झाली. प्रार्थनेतलं लॅटिन गेलं, वेदीपुढचं रेलिंग गेलं, उरलासुरला धूप होता, तोही आता नावाला. संध्याकाळच्या प्रार्थनेत धुपाटणं हलताना दिसत होतं, धूर दिसत होता, वास शून्य. बाहेर पडताना फादर डॉयलना गाठलं.

"फादर, धुपाच्या नावाखाली काय जाळताय हल्ली? भुसा?"

"मिस कॉटम, आज तर मी नेहमीपेक्षा जास्त घातला! मिसेस टूटल खोकत बाहेर गेल्या, पाहिलंत ना?"

"मिसेस टूटल १९५८ पासून खोकत बाहेर जातात. प्रवचन टाळायला."

हसले. हसणं सोपं असतं. मदर इग्नेशिया आम्हाला शाळेत सांगायच्या, पवित्र गोष्टीत कमी माप घालणारा बाजारातल्या चोराहून वाईट.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

शेजारची आयव्ही एंटविसल दुपारी न ठोठावता आत घुसली. येताच खिडक्या उघडत सुटली, एप्रन तोंडाला धरून.

"विनी! अगं, गॅस! गॅस सुटलाय तुझा! मेली असतीस ना!"

"ओरडू नकोस, आयव्ही. मला काही वास आला नाही."

"माझ्या घरात येतोय, भिंतीपलीकडे! तू इथे बसून भरतकाम करतेयस!"

शेगडीचं बटण अर्धवट उघडं होतं, कबूल. पण समुद्रातला नवीन गॅस आणला तेव्हा गॅस कंपनीची माणसं सांगून गेली होती की वास मुद्दाम घातलेला असेल, घाबरू नका. कुठे आहे वास? मी त्यांना दोन पानी पत्र लिहिलंय. म्हातारी माणसं राहतात या गल्लीत.

आयव्ही चहा पिऊन गेली. दूध नासलंय म्हणाली. तिला सगळंच नासलेलं वाटतं. पाच वर्षांपूर्वी तिचा नवरा हॅरल्ड गेला तेव्हापासून तिला काही चांगलं लागतच नाही. हॅरल्ड वीस वर्षं माझा नऊ नंबर ओढायचा, तेवढं मात्र त्याला कळत होतं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

गल्लीच्या टोकाला होळी पेटवली. मी कॅथलिक, पार्लमेंट उडवायला निघालेल्या त्या कॅथलिक माणसाचा पुतळा जाळताना मी टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा कोणी करू नये, पण दरवर्षी धुरासाठी खिडकी उघडते. ओल्या फळ्या, पानं, फटाक्यांची दारू. लहानपणी मी त्या वासावरून सांगायचे की कोणी जुनी खुर्ची जाळलीय आणि कोणी दार.

यंदा काही नाही. लोक हल्ली जाळतातही काय, देव जाणे. प्लॅस्टिक असेल.

खिडकी बंद केली.

९ नोव्हेंबर, शनिवार

जमलं. लटाकिया निम्म्यावर नेला तेव्हा कुठे मला किंचित काहीतरी जाणवल्यासारखं झालं. घशात, मागे. सायप्रसच्या मेलेल्या पानाला एवढा हात सैल सोडावाच लागणार. एक पुडी आमचे जुने पाद्री कॅनन हॉदरसॉल यांना पाठवली. पहिल्या खेपेपासून ते नऊ नंबर ओढतात. निवृत्त झाले, डोळे गेले, पाईप राहिला. पुड्या आणखी अकरा जुन्या गिऱ्हाइकांना दिल्या.

शीला पुड्या बांधत होती. बांधता बांधता थांबली.

"मिस कॉटम… काळं थोडं कमी केलं तर?"

"तू कधीपासून मिश्रण करायला लागलीस?"

"नाही, मी आपलं… माझे डोळे चुरचुरतायत, म्हणून म्हटलं."

"मग चष्मा लाव."

आज शनिवार होता. तिच्यासाठी बशा मांडल्या, जरा जिरावी म्हणून. रुमाल बांधला. दोन बशांत हॅलमचा उरलेला जुना माल, तिसरीत त्यातच लुइझियानाचं पान दोन काड्या जास्त. दोनच काड्या! बाईने तिन्ही एकदा हुंगल्या आणि दुसऱ्या बशीवर बोट ठेवलं. "ही. हिच्यात मनुका आहेत."

योगायोग. मग रुमाल सोडून तिने तो माझ्यापुढे धरला. "आता तुम्ही?"

"तो नियम मी केलाय, शीला," मी म्हटलं. आणि रुमाल खिळ्यावर टांगला.

१३ नोव्हेंबर, बुधवार

कॅननचं पत्र. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, खाली वेडीवाकडी सही. 'प्रिय मिस कॉटम, तुमच्या हातचा नऊ नंबर पुन्हा मिळाला, फार आनंद झाला. देव तुमचं भलं करो.' जेरार्डला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "वा." नुसतं वा!

१६ नोव्हेंबर, शनिवार

मासळीबाजारात कॅननचं घर सांभाळणारी मिसेस बॅम्बर भेटली. मी सहज विचारलं, कॅननना आवडला ना नवीन डबा?

"तुमचा होता होय तो?" तिने परडी खाली ठेवली. "मिस कॉटम, मला वाटलं धुराडं पेटलं! पडदे काढून धुवावे लागले. कॅनन बिचारे दोन झुरके घेऊन म्हणाले, 'मिसेस बॅम्बर, हे शेकोटीत टाका, पण तिला कळू देऊ नका.' अगं बाई. म्हणजे तुम्हाला…"

"कळलं," मी म्हटलं.

ऐंशी वर्षांचा पुरोहित आणि खोटं लिहितो, वर देवाला त्यात ओढतो! तिथून तडक दुकानात गेले. कपाटाखाली नऊ पुड्या दिसल्या, परत आलेल्या. जेरार्डने त्या पायाने आत सरकवायचा प्रयत्न केला.

"मिस कॉटम, बसा. यादी काल छापायला दिली. नऊ नंबर यंदा नाही घातला." मग घाईघाईने म्हणाला, "पान बदललं हो. तुमचा काय दोष त्यात? कोणालाच जमलं नसतं."

एवढ्या हळू आवाजात विग्नल माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी त्याला सांगितलं की हे पानाचं पाप आहे, मिश्रणाचं नाही, आणि ते मी सिद्ध करीन. माझ्याकडे पुरावा आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पुरावा म्हणजे १९४६ च्या पहिल्या खेपेतला डबा. झाकण पक्कं बसवलेला, अठ्ठावीस वर्षं कपड्यांच्या कपाटात चादरींमागे. मला पुरताना सोबत ठेवा असं लिहूनही ठेवलं होतं, मग ते पान फाडलं, फादर काय म्हणतील म्हणून. आज तो फोडला. जुन्या खऱ्या मालाशेजारी सायप्रसचं पान ठेवून जेरार्डच्या नाकाशी धरणार होते.

झाकणाखालून हवा फुस्स करून आली. पान चांगलं, ओलसर, तेलकट, कडेला तपकिरी झालेलं. मी तोंड वर धरलं आणि डोळे मिटले.

काही नाही.

पुन्हा. काही नाही. डबा गळका निघाला असणार, सगळा जीव उडून गेला असणार, अठ्ठावीस वर्षं मी एक रिकामा डबा जपला, असं मनात येत होतं आणि राग इतका आला होता की तो भिंतीवर फेकणार होते. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि आयव्ही आत आली, हातात माझं वर्तमानपत्र.

दारातच थबकली.

"हॅरल्ड?" ती म्हणाली.

मला नाही. खोलीला. तिने आधी खुर्चीकडे पाहिलं, मग दारामागच्या खुंटीकडे. वर्तमानपत्र तिच्या हातातून सुटलं. मग तिचा चेहरा असा झाला की मी तो लिहिणार नाही. बसली आणि एप्रनमध्ये तोंड घालून रडायला लागली.

"त्याचा कोट आहे हा. अगं, रविवारचा कोट. पावसातून आलेला. विनी, काय केलंस तू?"

मी तिच्यासमोर डबा हातात धरून उभी होते. तीन फुटांवर. तिच्यापर्यंत पोचत होतं.

"किती येतोय?" मी विचारलं.

"किती म्हणजे? सगळं घर भरलंय ना!"

२४ नोव्हेंबर, रविवार

चर्चला मिस्साला गेले नाही.

कांदा. व्हिनेगर. बुटांचं पॉलिश. कपड्यांच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. मोहरी, तिने डोळ्यांत पाणी आलं, बाकी काही नाही. अमोनियाची बाटली, तिने नाकात टोचलं, पण ते टोचणं झालं, वास नाही. पाणी आणि व्हिनेगर शेजारी ठेवले, डोळे मिटून कप फिरवले, ओळखता आले नाहीत.

मार्चमध्ये फ्लूने तीन आठवडे झोपले होते. त्यानंतर आठवत नाही की मी एकदा तरी म्हटलं असेन, वा, काय वास येतोय.

गॅसवाल्यांना दोन पानं. फादर डॉयलना भुसा. आल्याचा केक. आणि शीला. ती त्या दिवशी अत्तर लावून आली होती.

२७ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिलं. "फ्लूनंतर होतं असं. कधी परत येतो, मिस कॉटम. या वयात बहुधा नाही." मग विचारलं, "पण त्याने रोजच्या जगण्यात फार काही अडत नाही, नाही का?"

मी टोपी घातली आणि निघून आले.

डबा उघडून चार दिवस झाले. झाकण घट्ट लावलंय, पण उघडलेला डबा महिनाभर टिकतो, फार तर. आयव्ही रोज काही ना काही निमित्ताने येते आणि म्हणते, "जरा उघड ना." मी दोन मोजेपर्यंत उघडते. जास्त नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

बाराच्या सुमाराला दुकानात गेले. डबा गल्ल्यावर ठेवला.

"शीला, तीन बशा मांड."

"मिस कॉटम, राहू दे ना…"

"शनिवार आहे."

मागे गेलो. रुमाल मी स्वतः बांधला. बशा मांडल्याचे आवाज आले. जेरार्ड दारात उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मी वाकले. पहिली, दुसरी, तिसरी. अंधारच फक्त. अडतीस वर्षांत मी किती जणांना या स्टुलावर घाम फुटताना पाहिलं, आणि मला ती मजा वाटायची.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"दुसरी होती," शीला पुटपुटली. आणि मग तिचा आवाज चिरकला. "तिच्यात नुसती चहाची पत्ती होती, मिस कॉटम. मला वाटलं, एवढं तरी ओळखाल."

जेरार्ड म्हणाला, "शीला!"

"गप्प बस," मी म्हटलं. "तिने बरोबर केलं. तुम्ही दोघांनी हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं."

"पण तुम्हाला कसं सांगणार?" जेरार्ड म्हणाला. "तुम्हाला कोण सांगणार?"

मी रुमाल सोडला, तराजूवरचं हाडाचं खोरं उचललं आणि शीलाच्या हातात दिलं. चुकला त्याने बरणीला हात लावायचा नाही. माझा पुढचा शनिवार येणार नाही, हे तिघांनाही कळलं.

यादी छापून झालीय. जेरार्ड म्हणाला, शीलाला या डब्यावरून जमलंच तर वेगळी चिठ्ठी डकवू. तीन आठवडे आहेत.

४ डिसेंबर, बुधवार

मी स्टुलावर, हात मांडीवर. शीला बरण्यांपाशी. डबा तिच्या नाकाखाली.

"काय येतंय?"

"छान येतंय."

"'छान' हा आळशी माणसांचा शब्द आहे. मदर इग्नेशियांनी त्यासाठी मला कोपऱ्यात उभं केलं होतं. पुन्हा."

"ओल्या कुत्र्यासारखं."

"कुठल्या ओल्या कुत्र्यासारखं? समुद्रावरून आलेल्या की शेतातून आलेल्या?"

ती मला उलट उत्तर देणार असं वाटलं. पण तिने पुन्हा हुंगलं, डोळे मिटून, नीट. "शेकोटीपाशी वाळत असलेल्या," ती म्हणाली.

तो लटाकिया. अठ्ठावीस वर्षांत तो मवाळ होतो, तिला सांगितलं. डब्यात आज जेवढा आहे त्याहून थोडा जास्त धर, कारण ताज्यात तो आणखी पुढे यायचा. "थोडा म्हणजे?" तिने विचारलं. आणि मला सांगता येईना. मला आठवतं, पण ते दाखवता येत नाही. मी हवेत बोटं हलवत बसले, आंधळ्याने रंग दाखवावा तशी.

संध्याकाळी निघताना ती म्हणाली, "मिस कॉटम, त्या दिवशी मी अत्तर लावलं होतं."

"माहीत आहे. कुठलं?"

"लिलीचंच. तुम्ही रागवाल म्हणून मुद्दाम."

"अगदी स्वस्त असणार."

"हो," ती म्हणाली आणि हसली. मीही.

११ डिसेंबर, बुधवार

शीलाच्या मिश्रणाची चौथी पुडी आयव्हीकडे नेली. तिला दुसरं काही सांगितलं नाही, फक्त उघडून धरली. शीला माझ्यामागे जिन्याशी उभी होती.

आयव्हीने बराच वेळ घेतला. चेहरा पाहत राहिले. आता मला एवढंच उरलंय, लोकांचे चेहरे पाहणं.

"हा हॅरल्ड नाही," ती म्हणाली. "हा त्याचा भाऊ वाटतो. तो चर्चला जाणारा."

शीलाने जिन्यावरूनच विचारलं, "म्हणजे धूप जास्त झाला?"

"मला काय माहीत, बाई. हॅरल्डला एवढं सोवळं नव्हतं. त्याच्यात थोडं… बिअर होती."

लटाकिया कमी कर, लुइझियानाचं पान चिमटीने वाढव, मी म्हटलं. "किती?" "तुला कळेल." तिला नाही कळलं तर मला कळणारच नाही, हे ती जाणते.

१४ डिसेंबर, शनिवार

बशा मांडल्या. शीला बरोबर. जेरार्ड चूक. आठवडाभर तो बरणीला हात लावणार नाही. त्याने कधी लावला नव्हताच.

पाचवी पुडी. आयव्ही म्हणाली, जवळ आलंय. मग म्हणाली, कदाचित मीच विसरत चाललेय. डब्याचा वास आता तिलाही पहिल्यासारखा येत नाही, दोन मोजेपर्यंत नाही, पाच मोजावे लागतात.

तिच्याही हातून निसटतंय, हे मी तिच्या घरात उभी राहून पाहिलं आणि मला काही करता आलं नाही. झाकण लावलं फक्त.

२१ डिसेंबर, शनिवार

चिठ्ठ्या डकवल्या. 'नऊ नंबर, पुन्हा मिळेल.' चाळीस डबे भरले. कॅननना एक पाठवला आणि सोबत चार ओळी: आवडला नाही तर तसं लिहा, खोटं बोलणं तुमच्या धंद्याला शोभत नाही.

आधी सातवी पुडी आयव्हीकडे नेली होती. तिने हुंगली. काही बोलली नाही. कोट नाही, भाऊ नाही, बिअर नाही, काही नाही. पुडीचा कागद तिने चारही बाजूंनी नीट दुमडला आणि एप्रनच्या खिशात घातला.

"आयव्ही, बरोबर आहे का? शीला थांबलीय. हो की नाही, एवढं सांग."

"चहा ठेवते," ती म्हणाली आणि आत गेली.

शीला जिन्यावर बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. आत आयव्ही भांडी हलवत होती, आणि त्यात तिचा आवाज आला, कोणाशी तरी बोलल्यासारखा, रागावलेला: "पायपुसण्यावर बूट पूस, दहादा सांगितलंय."

"भर डबे," मी शीलाला म्हटलं.

घरी येऊन एक डबा मीही फोडला. हुंगला. नियम म्हणून.